म्हैस काळी यायला हवी होती

मामीच्या म्हशीचा फोटो काढायला मी अमरावतीहून हिवरखेडला गेले, तेव्हा पिशवीत कॉलेजचा कॅमेरा होता आणि डोक्यात वर्गात ऐकलेलं प्रकाशमापन. दोन्हींतलं काहीच माझं नव्हतं. कॅमेरा सही करून आणलेला, आणि प्रकाशमापन परीक्षेपुरतं पाठ केलेलं. पण त्या पेपरात मला बरे गुण मिळाले होते. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून माझ्या गुणांवर माझ्यापेक्षा घरच्यांचाच जास्त विश्वास. पोरगी शिकली म्हणजे तिला रेशनकार्डातली चूक, मोबाइलचं नेटवर्क आणि म्हैस असं सगळंच जमतं, असं ते धरून चालतात.

प्रकरण असं होतं. अकोल्यात जनावरांचं प्रदर्शन भरतं. त्यासाठी आधी जनावराचा फोटो पाठवायचा, त्यात शेजारी मालक उभा हवा. फोटो पाहून ते जनावराचा गट ठरवतात. मामीची म्हैस नागपुरी, म्हणजे काळीकुट्ट, तलवारीसारखी मागे वळलेली शिंगं. आमच्या भागात पूर्णाथडी म्हणून दुसरी जात आहे. तिची शिंगं जवळपास तशीच, पण रंग भुरा. गेल्या वर्षी मामांनी मोबाइलवर काढलेल्या फोटोत आमची म्हैस राखेत लोळून आल्यासारखी दिसली आणि प्रदर्शनवाल्यांनी तिला पूर्णाथडीत टाकलं. मामी टेम्पोत म्हैस चढवून अकोल्याला पोचली. तिथल्या माणसानं एकदा म्हशीकडे पाहिलं, एकदा फोटोकडे पाहिलं आणि "ही ती म्हैसच नाही" म्हणून दोघींना परत पाठवलं.

तेव्हापासून गावात मामीला "भुरीवाली" म्हणतात. काळ्या म्हशीच्या मालकिणीला याहून मोठी शिवी नसावी. यंदा म्हैस नागपुरी गटातच उभी राहणार, असं तिनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. फोटो पाठवायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत होती.

मी पोचले तेव्हा मामीनं म्हशीला धुऊन, वर जवसाचं तेल चोळून भर उन्हात उभं केलं होतं. सणाला जनावर असंच सजवतात, त्यामुळे त्यात काही चुकलं असं मला तरी वाटलं नाही. म्हैस एवढी चमकत होती की तिच्या पाठीत आभाळ दिसत होतं. मी कॅमेरा लावला आणि मनाशी हिशेब केला की वस्तू काळी आहे, म्हणजे उजेड कमी, म्हणजे उजेड वाढवायला हवा. वाढवला.

पहिल्या फोटोत म्हैस भस्म फासलेल्या साधूसारखी आली. त्यात तेल चमकलं तिथं पांढरे डाग.

शेजारचे चाचा कुंपणावरून वाकून बघत होते. त्यांचं शिलाईचं दुकान आहे, पण तमाशा असला की ते मशीन बंद करतात. कॅमेऱ्यात डोकावून म्हणाले, "या अल्ला! वयनी, म्हशीले कोड फुटलं वाटते."

"चाचा, तुमी तुमचे पायजमे शिवा," मामी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काय वं, तुह्या मामानं मोबाइलवर यापेक्षा काळी काढली होती. तुले कायले शिकवून राहिले तुहे माय-बाप?"

मी गोठ्यामागे जाऊन उगीच कॅमेऱ्याची काच पुसत बसले. खरं तर रडू येत होतं. वर्गात सरांनी सांगितलेलं वाक्य मला शब्दन् शब्द पाठ होतं. कॅमेऱ्याला काळं-पांढरं कळत नाही, समोरचं सगळं करडंच आहे असं धरून तो उजेड मोजतो. परीक्षेत मी त्याखाली रेघसुद्धा ओढली होती. मग गोठ्याच्या भिंतीला टेकून बसल्या बसल्या लक्षात आलं, की म्हणजे हा गाढव समोर काळी म्हैस दिसली की बिचारीवर उजेड कमी पडला असं समजतो आणि तिला करडी करून ठेवतो. आणि मी त्याला आवरायचं सोडून त्याच्याच बाजूनं उभी राहिले होते.

मी म्हैस लिंबाच्या सावलीत आणायला लावली. मग तिच्याकडे पाठ करून, त्याच सावलीतल्या लिंबाच्या पानांवर कॅमेरा रोखला आणि उजेड तिथं मोजला. पानं काळीही नसतात आणि पांढरीही, एवढाच माझा तर्क. ते आकडे पक्के करून ठेवले, म्हणजे म्हशीकडे वळल्यावर कॅमेऱ्याला स्वतःची अक्कल चालवता येऊ नये.

"म्हैस इकडं हाय, बाई," मामा शांतपणे म्हणाले.

फोटो काढला. म्हैस काळी आली. पण इतकी काळी, की पोट कुठं संपतं आणि सावली कुठं सुरू होते ते कळेना. अंधारावर कुणी शिंगं ठेवली आहेत असं दिसत होतं. काळ्या चकचकीत वस्तूला आकार द्यायचा तर तिच्यात काहीतरी पांढरं दिसायला हवं, एवढं मला आठवत होतं. मी भीत भीत विचारलं, "मामा, तुमचं लग्नाकार्याचं धोतर आहे का?"

त्यांनी पेटीतून धोतर काढलं. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं चाचांनी, आणि दोघं म्हशीच्या बाजूला ते ताणून उभे राहिले. तेल लावलेल्या अंगावर पाठीपासून पोटापर्यंत एक मऊ उजळ पट्टा उमटला आणि म्हशीला एकदम फासळ्या आल्या, खांदा आला, पोट आलं. पण गावात पांढरं कापड असं ताणून धरलं की त्याचा एकच अर्थ होतो. रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबल्या.

"काव, अंतरपाट कोनाचा?"

"म्हशीचं लगन हाय," चाचा म्हणाले. "अक्षता आना."

"अन् नवरदेव?"

"तो काय, धोतर धरून उभा हाय," मामी म्हणाली. मामांनी धोतर न सोडता मान खाली घातली. "शुभमंगल आटपा वं लवकर, हात दुखून राहिले," ते पुटपुटले.

सगळे हसत असतानाच मी फोटो काढला. म्हैस आली. काळी, गोल, जिवंत, आणि शेजारी दोर धरून हसणारी मामी. मी कॅमेरा तिच्या हातात दिला. म्हशीकडे बघून तिचं तोंड फुललं, मग नजर बाजूला सरकली.

"हे कोन हाय?"

"तुम्ही."

"एवढी काळी हावो मी?"

चाचांना अचानक दुकान आठवलं. मामीनं आपला मोबाइल काढून माझ्यापुढे धरला. व्हॉट्सअॅपवर तिच्या नावापुढे तोच गेल्या वर्षीचा घातकी फोटो होता. म्हैस कापलेली, फक्त मामी. गोरीपान.

"म्हशीले काळी राहू दे," ती म्हणाली, "मले अशी कर."

"मामी, एका फोटोत उजेड एकच असतो."

"मंग कॉलेजात काय शिकली?"

ऊन कलायला लागलं होतं. मी फोटो मोबाइलवर घेतला आणि तिचं तेवढं तोंड उजळून दाखवलं. फार वाईट दिसलं, मला मान्य आहे. हात सावळे, मान सावळी, आणि वर कुणाचं तरी उसनं आणलेलं डोकं. मामा चष्मा लावून बराच वेळ पाहत राहिले.

"धाड हेच," ते म्हणाले. "औंदा म्हनतीन, म्हैस खरी हाय पन मालकीनच दुसरी घेऊन आले."

मामी हसली नाही. तिनं मोबाइल घेतला आणि आधी एक फोटो, मग दुसरा, असे मागेपुढे करून पाहिले. त्या वेळी ती म्हशीकडे बघत होती की स्वतःकडे, ते मला खरंच सांगता येणार नाही. मग तिनं खऱ्या फोटोवर बोट ठेवलं.

"हा धाड. मले काय त्या गटात उभं राहाचं हाय?"

दिवेलागणीला उत्तर आलं. गट नागपुरी, जनावर सकाळी लवकर आणा. मामीनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं, मग कुंपणापाशी नेऊन चाचांना ऐकू जाईल असं पुन्हा वाचायला लावलं. त्यानंतर ती आत गेली आणि मी निघेपर्यंत फडताळात काहीतरी शोधत राहिली.

"काय पाहिजे, मामी?"

"पावडर," ती आतूनच म्हणाली. "तिथं तर मी माह्या तोंडानं जाऊन राहिली न? तिथं मले काळी कराले तुहा कॅमेरा नसन."