चिंचेनं घासलेला बिल्ला

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुटे पैसे मिळेनासे झाले, तेव्हा दुकानदारांनी स्वतःचेच पितळी बिल्ले काढले. सुट्याऐवजी गिऱ्हाइकाच्या हातावर बिल्ला ठेवायचा, पुढच्या खेपेला त्यावर त्यानं माल न्यायचा. असे बिल्ले मी गेली वीस वर्षं जमवतोय. घरचे त्याला भंगार म्हणतात. संगमनेरचे, नगरचे, कुठले कुठले बिल्ले डब्यात पडलेत. नव्हता तो फक्त आजोबांच्या सोनईच्या दुकानाचा.

तो खरं तर दादांना हवा होता. दादा म्हणजे माझे वडील, नव्वदीला टेकलेले. लहानपणी त्या बिल्ल्यांवर नावाचा ठसा मारायचं काम त्यांच्याकडे असायचं. हात एवढासा, हातोडा जड. ठसा फिका उठला की आजोबा टपली मारायचे. "त्यातला येक तरी गावंल का रं?" दादा अधूनमधून विचारायचे.

मागच्या वर्षी घोडेगावच्या बाजारात एका भंगारवाल्याच्या पितळेत तो सापडला. काळाकुट्ट, झिजलेला, पण अक्षरांत मळ बसला होता, म्हणून आजोबांचं नाव आणि गाव नीट वाचता आलं. भर बाजारात माझे डोळे भरून आले.

आणि मग मी माती खाल्ली. आमच्याकडे बाहेरून आणलेलं पितळ चिंचेनं घासल्याशिवाय घरात घेत नाहीत. लहानपणापासूनची सवय. मोरीत बसून, मीठ लावून मी तो चांगला लखलखीत केला. जुनं नाणं कधी घासू नका, असं चारचौघांना बजावणारा मी! धुऊन पाहतो तर मळाबरोबर अक्षरंही गेलेली.

दादांनी भिंगातून तो उलटासुलटा पाहिला. "कोरा हाय ह्यो."

"दादा, नाव होतं. मी वाचलं. घासताना गेलं."

ते हसले. "माझं मन राखाया खोटं कशाला बोलतो? आपला न्हाई ह्यो. फुडच्या बाजाराला बघ."

रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यानंतर मी दर बाजाराला जात राहिलो, कारण गेलो नाही तर ते हिरमुसायचे. परत आलो की खाटेवरून आवाज यायचा, "गावला का?"

दादा श्रावणात गेले. त्याआधीच्या बाजारादिवशीही त्यांनी विचारलं होतं. मी नाही म्हणालो. तोच घासलेला बिल्ला माझ्या सदऱ्याच्या खिशात होता.