ब्रेक मिस्त्रींचा होता

गंगाराम मिस्त्री गाडी विकत घेताना आधी तिच्याखाली शिरत. लष्कराने मोडीत काढलेल्या जुन्या जीपगाड्यांचा लिलाव तेव्हा पुण्याकडे होत असे. बाकीचे खरेदीदार बॉनेट उघडत, रंगावर नख ओढून पाहत, टायरला लाथ मारत. हा किडकिडीत माणूस मात्र बरोबर आणलेले गोणपाट अंथरून उताणा होई आणि दिसेनासा होई. पहिल्यांदा ते पाहून मला हसू आले. गाडीखालून आवाज आला, "वरनं सगळ्याच नटलेल्या असत्यात, शेट. चासी सांगते सासर कसं व्हतं ते."

मिस्त्री मूळचे खालापूरकडचे, बौद्ध कुटुंबातले. लढाईच्या काळात देवळालीला लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांच्या हाताखाली ते हे काम शिकले आणि पुढे भिसेगावात पत्र्याची शेड टाकून बसले. माझी कर्जतला लाकडाची वखार होती. जंगलातल्या वाटा चढेल अशी गाडी मला हवी होती, म्हणून मी त्यांच्या शेडवर गेलो. दारात उभा राहून हाक मारली, "अरे गंगाराम!" आत हातोडी चालू राहिली. पुन्हा हाक मारली, तरी हातोडी थांबेना. शेवटी मी "मिस्त्री" म्हणालो. तेव्हा हात पुसत ते बाहेर आले. "बोला, शेट." गावात काही जण आजही म्हणतात की मिस्त्री उद्धट होते. त्या सकाळी उद्धट कोण होते, हे मला चांगले ठाऊक आहे.

"तीन मडी आना, येक जिती करून देतो," असे ते म्हणाले आणि तसेच केले. एकीची चासी, दुसरीचे इंजिन, आणि पुढचा आस कुर्ल्याच्या भंगारात गंजत पडलेल्या तिसरीचा. वर्ष होत आले तेव्हा गाडी उभी राहिली. नदीच्या ओल्या दरडीवर त्यांनी पुढची चाके इंजिनला जोडणारा लहान दांडा ओढला, चारही चाकांनी माती धरली, आणि ती जीप बकरीसारखी वर चढून गेली. गाडी ताब्यात देण्यापूर्वी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे: "मानसं किती बसनार?" कोणी हसून टाळले तर म्हणत, "तुमी मोजा नायतर नका मोजू. ब्रेक मोजतो."

जंगलाची कामे बंद झाली तेव्हा मी ती जीप कर्जत-कशेळे मार्गावर प्रवासी वाहतुकीला लावली. इतरांचे पाहून पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवायचे ठरवले. मिस्त्रींनी कुरकुर करीत ते काम करून दिले. पण मला आणखी बाके हवी होती. त्यासाठी गाडी मागून वाढवायला हवी होती.

"जीप हाय ती, यष्टी नाय," मिस्त्री म्हणाले.

"सगळेच वाढवतात, मिस्त्री."

"मंग सगळ्यांकडं जावा की."

मी गेलो. कुंभिवलीला एका वेल्डिंगवाल्याकडून चासी तोडून, मधे तुकडा जोडून, मागचा भाग दोन हात लांब करून आणला. मिस्त्री गाडीखाली गेले. बराच वेळ आले नाहीत. बाहेर आले ते गोणपाट झटकतच.

"पोट वाढवलंत, शेट, आनि ब्रेक तोच. मागं मोठ्या गाडीचं ड्रम घालाया लागतील. कुर्ल्याला सांगून ठेवतो. तवर दावणीला बांधून ठेवा हिला."

"किती दिवस?"

"गावतील तवर."

घरी नेण्यापुरते त्यांनी जुनेच ब्रेक आवळून दिले. मी आठ दिवस थांबलो. नवव्या दिवशी कशेळ्याचा बाजार होता, आणि दुसऱ्यांच्या जीपा भरभरून जाताना मला वखारीतून दिसत होत्या. गाडी बाहेर काढ, असे ड्रायव्हरला मी सांगितले. तो आपल्या मनाने घेऊन गेला असे माझ्या घरातली माणसे सांगतात. ते खरे नाही.

गाडीत सतरा माणसे होती. उतारावर ब्रेक तापले, पायडल तळाला गेले आणि जीप मोरीच्या कठड्यावर आदळली. वरच्या वाडीतली एक बाई सर्वांत शेवटी चढली होती, मागच्या पायरीवर उभी होती. ती जागीच गेली.

पंचनाम्याला फौजदारांनी मला विचारले, "ब्रेकचं काम कोणी केलं होतं?"

मी म्हणालो, "गंगाराम मिस्त्रींनी."

उत्तर खरे होते. त्याच्यापुढे आणखी दोन वाक्ये बोलायची होती. ती मी बोललो नाही. बातमी ऐकून आलेले मिस्त्री माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि थोडा वेळ वाट पाहिली. मग फौजदारांकडे वळून म्हणाले, "व्हय साहेब, ब्रेक माझाच."

त्यांच्यावर खटला झाला नाही. चौकशीला चार वेळा बोलावले आणि सोडून दिले. पण गावाचा निकाल लागून गेला होता. कोणी म्हणाले, मिस्त्री प्यायलेले होते. दीक्षा घेतल्यापासून त्या माणसाने दारूला हात लावलेला नव्हता. कोणी म्हणाले, नजर गेली होती. अपघाताच्या आदल्या महिन्यात त्यांनी माझ्यादेखत गिअरपेटीतला केसाएवढा तडा चष्म्याशिवाय दाखवला होता. परवा एका स्मरणिकेत 'वयोमानाने हात कापू लागल्याने' असे छापून आले आहे. ते लिहिणारे गृहस्थ त्या शेडची पायरी कधी चढले नव्हते. हात कापत होते ते पुढे, शेडवर कोणी गाडी आणीनासे झाल्यावर, हत्यारे एकेक करून देऊन टाकताना. ते मी पाहिले आहे.

एकदा मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी मी..."

"तुमी खोटं कुटं बोललात, शेट?" ते म्हणाले. "बसा. चा घ्या."

मी चहा घेतला आणि परत आलो. अपघातानंतर तिसऱ्या वर्षी मिस्त्री गेले.

पुढच्याच आठवड्यात त्यांची बायको सीताबाई वखारीत आली. बसा म्हटले तरी बसली नाही.

"शेट, येक काम हाय. तेवडं लिवून द्या. यांच्या हातानं ब्रेक गेला नाय, येवडंच."

"कोणाला दाखवायचं आहे?"

"कुनाला नाय. घरात ऱ्हाईल."

उद्या देतो, असे मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा म्हणालो, शब्द नीट जुळवायला हवेत. तिसऱ्या वेळी मी आतल्या खोलीत बसून दिवाणजींकरवी सांगितले की शेट बाहेरगावी गेले आहेत. पडद्यापलीकडून तिचा आवाज आला, "बरं. त्यांना म्हनावं, घाई नाय." त्यानंतर ती आली नाही.

म्हणून आता लिहितो. ब्रेक गंगाराम मिस्त्रींचा होता आणि चांगला होता. त्यांनी गाडी उभी ठेवायला सांगितली होती; ती मी बाहेर काढली. यात कोणाला शंका असेल त्याने माझ्याकडे यावे, मी अजून जिवंत आहे. सीताबाई नाही. तिला वाचताही येत नव्हते. तरी तिने ते कागदावरच मागितले होते.