आत ऐकू न येणारी गोष्ट

प्रार्थनेत मी देवाला सरळ घड्याळ दाखवत असे. प्रभू, हे चार तास लवकर संपव. चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना सहनशीलता मीच शिकवतो आणि नाताळच्या नाटकात बाळ येशूच्या जिवावर उठलेला, थयथयाट करणारा हेरोद राजाही मीच होतो. यातली कोणती भूमिका मला न शिकता जमते, हे आमच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या बायकोची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. हृदय अशक्त, म्हणून ती बदलताही येत नाहीत. आठवड्यातून तीनदा मळवलीहून लोणावळ्याला चार-चार तासांच्या डायलिसिससाठी यायचं, शरीर साथ देईल तितके दिवस. आत एका नातेवाइकाला बसू देतात. मी बसत नसे. नळीतून फिरणारं तिचं रक्त मला बघवत नव्हतं. त्यापेक्षा बाहेरच्या बाकांवर मी दरबार भरवायचो. ज्या बंगल्यांची देखभाल करतो, तिथल्या पाहुण्यांच्या नकला करायचो. लोक पोट धरून हसायचे आणि मी हळूच घड्याळ बघायचो.

आंदर मावळातल्या एक मावशी नवऱ्याला, आबांना, घेऊन यायच्या. बाकावर वालाच्या शेंगा सोलत बसायच्या आणि थोड्या थोड्या वेळाने आबांचे पाय दाबायला आत जायच्या. एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, तोंड लय चालतंय तुमचं. पाय आजारी हायत व्हय?" मी त्याचीही नक्कल करून हशा मिळवला.

मग आठवडाभर त्या दिसल्या नाहीत. आल्या त्या एकट्याच, आबांचे कागद न्यायला. मी गोष्टीच्या ऐन रंगात होतो. तिथूनच विचारलं, आबा कुठं राहिले?

"आमचं चार तास सरलं, भाऊ. तुमचं हाय तवर आत जाऊन बसा."

गोष्ट तिथेच तुटली. जे तास संपावेत म्हणून मी गुडघे टेकत होतो, ते माझ्या बायकोच्या आयुष्यातले होते. एवढं साधं गणित मला कळलं नव्हतं.

आत गेलो. तिचे पाय गार होते. दाबायला लागलो, तशी डोळे न उघडताच ती म्हणाली, "बाहेरचं हसणं इथे ऐकू येतं. गोष्ट ऐकू येत नाही."

किती महिने ती एकटी ते हसणं ऐकत होती, हे विचारायचं धाडस झालं नाही. मी खुर्ची ओढली आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पहिल्यापासून सांगितली.

ती बरी झालेली नाही. वजन उतरतंय, सुई टोचायला शीर लवकर सापडत नाही. शेवट कधी, हे मी देवावर सोडलं आहे. मधला वेळ मात्र त्याने माझ्या हाती दिलाय. मावशींना कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. रोज त्यांच्यासाठी आभार मानतो.

परवा सिस्टर यंत्र बंद करायला आल्या, तेव्हा खाटेशेजारी आमचं नाताळचं नाटक रंगात आलं होतं. ही क्षीण आवाजात म्हणाली, "जरा थांबा, सिस्टर. हेरोद अजून मरायचाय."

सिस्टर थांबल्या. मी सावकाश मेलो.