दारातला उदो

माझा दादा कुणाचाही आवाज काढायचा. सोलापूरच्या गाडीतून उतरून घामाघूम होत पत्ता विचारणारा यात्रेकरू, हेल काढून नवस बोलणारी कानडी मुलखातली म्हातारी, कचेरीतला उर्दू झाडणारा जुना कारकून, मी, शेजारची म्हैस. मायची नक्कल तेवढी त्यानं कधी केली नाही. तिचा धाक होता म्हणा, नाहीतर सुचलंच नसेल.

आम्ही तुळजापूरच्या पुजाऱ्यांपैकी. वडील लवकर गेले. घरात माय, दादा आणि मी. आमच्या घरची रीत अशी, की बाहेरून आलेल्यानं उंबऱ्याशी थांबून ‘आई राजा उदो उदो’ म्हणायचं, आणि आतून कुणी ‘उदो उदो’ म्हणून ओ दिली की मगच पाऊल आत टाकायचं. ओ बहुतेक मायच द्यायची, मग ती चुलीपाशी असो की न्हाणीत. मी शाळेत शिकवायला लागल्यावरही रोज दारात थांबायची. पावसात भिजत थांबलेली आहे.

दादा उस्मानाबादला कचेरीत चिकटला होता. पण सुट्टीला आला की नाटक. लिहायचा तोच, बसवायचा तोच, आणि बाई मिळाली नाही की माझं लुगडं नेसून उभा राहायचा तोच. माझ्या दोन चोळ्या त्यानं उसवल्या. अजून आठवलं की चीड येते, आणि त्या चोळ्या टाकवल्याही नाहीत. पुढं आपला जिल्हा हैदराबादकडून मुंबई राज्यात गेला, तेव्हा पठ्ठ्या म्हणतो कसा, ‘‘जिल्हा मुंबईला गेला, मग म्या मागं राहून काय करू?’’ नोकरीवर पाणी सोडलं आणि गेला. मायनं बरोबर भाकरी बांधून दिली.

आधी पुण्यात नाटकं, मग मुंबईत सिनेमे. नाव झालं. इकडं मायचे डोळे गेले. काचबिंदू. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, फार उशीर झाला. तेव्हापासून तिचं सगळं जग कानात आलं.

सिनेमा आमच्याकडं जत्रेत यायचा, तंबूत. दादाचा पहिला सिनेमा लागला तेव्हा मी तिला हाताला धरून नेली. दादा पडद्यावर खोकणारा सावकार झाला होता. मी तिचा हात दाबला, ‘‘हाच.’’ तिनं कान दिला आणि म्हणाली, ‘‘न्हाय. हा न्हवं.’’ पुढच्या सिनेमात तो नवाब, त्याच्या पुढच्यात गावगुंड. दर वेळी माय ताठ बसून ऐकायची, आणि दर वेळी तेच, ‘‘हा न्हवं गं.’’ तिसऱ्या वेळी अर्ध्यातून उठली.

वर्तमानपत्रात छापून आलं होतं, की हा नट भूमिकेत इतका शिरतो की ओळखूच येत नाही. मी मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं. माय म्हणाली, ‘‘पोटचा ल्योक वळखू येत न्हाय, ह्याचं कवतिक करायचं व्हय?’’ मी वर्तमानपत्राची घडी घातली.

वर्षातून एखादा दिवस तो यायचा. दारात उदो म्हणायचा, पण तोही मागच्या रांगेपर्यंत पोचावा असा, घोटून. माय ओ द्यायची. मग हळूच मला विचारायची, ‘‘आपल्याच घरी आलाय न्हवं ह्यो?’’ तिला दुसरं काही नको होतं. ‘‘एकदा त्याच्या त्याच्या आवाजात बोलू दे त्याला,’’ एवढंच ती देवीला मागायची. मला ते ऐकवायचं नाही. दादाला सांगावं तर तो हसून म्हणायचा, ‘‘अगं, माझाच तर आवाज आहे.’’

मग त्यानं स्वतः लिहिलेलं नाटक तुळजापुरात आणलं. पुण्या-मुंबईत गाजलेलं. मैदानात मांडव घातला, अख्खं गाव लोटलं, आणि मायला मी पुढं सतरंजीवर बसवली. नाटकात परागंदा झालेला मुलगा शेवटी घरी येतो. घर रिकामं, आई गेलेली. तो दारात उभा राहून उदो म्हणतो. आतून काहीच येत नाही. त्या शांततेत म्हणे मुंबईची माणसं ढसाढसा रडायची.

दादा दारात आला. पिशवी खाली ठेवली. ‘‘आई राजा उदो उदो.’’

माझ्या शेजारून माय खणखणीत म्हणाली, ‘‘उदो उदो.’’ आणि तिच्यामागं सगळं मैदान. पुजारी, दुकानदार, बांगड्यावाला चाचा, टपरीवाला, सगळे. तुळजापुरात उदो म्हटल्यावर गप्प कोण बसणार? मुंबईत राहून हा बाबा तेवढं विसरला होता.

नाटक तिथंच आडवं झालं. पुढचं वाक्य होतं, ‘घरात कुणीच नाही का?’ आता ते कोणत्या तोंडानं म्हणणार? दादा उभाच. मग खाली बघून, अगदी घरच्यासारखं, बारीक आवाजात म्हणाला, ‘‘माय, आलो गं.’’

मायनं माझं मनगट धरलं. ‘‘ह्यो. ह्यो आपला.’’ तिच्या त्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दादा नाटकातल्या घराचा उंबरा ओलांडून आत गेला आणि पडदा पडला. मंडळीतले लोक चिडले, खेळ वाया गेला म्हणाले. मला तर त्याच्याइतकं चांगलं नाटक पुन्हा बघायला मिळालं नाही. सकाळच्या गाडीनं दादा गेला. माय पुढं कित्येक दिवस घरात कामं करताना उगाच हसायची.

माय गेली तेव्हा तो नागपूरकडं दौऱ्यावर होता. पोचला तोवर सगळं आटोपलं होतं. बायका ओसरीवर बसल्या होत्या. तो दारात थांबला आणि सवयीनं उदो म्हणाला. त्याच बारीक आवाजात. सुतकात आम्ही उदो म्हणत नाही, ओही देत नाही. दादा उंबऱ्याबाहेर उभा. त्याला आत येता येईना. शेवटी मीच उठून त्याला हाताला धरून आत आणलं.

मायचे दिवस झाल्यावर एका दुपारी तिच्या जागेपाशी आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, ‘‘दादा, जगातल्या सगळ्यांचे आवाज काढतोस. मायचा काढ की. एकदाच ओ दे.’’

त्यानं घसा साफ केला. मान थोडी कलती केली, ती करायची तशी. ओठ हलले.

‘‘येत न्हाय गं,’’ तो म्हणाला. ‘‘तिचा कधी काढलाच न्हाय. ती होतीच की आत.’’