तीन पाट्या, एक गाठोडं

अक्कम्माचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. गिरणीचा पहिला भोंगा होईपर्यंत तिचं एक गाठोडं भिजून चोळून झालेलं असे. गिरणीतली माणसं भोंग्याला शिव्या देत उठत. हिला उठवायला कुणी भोंगा ठेवला नव्हता. भवानी पेठेमागच्या विहिरीवर उजाडलं की रेटारेटी सुरू व्हायची, म्हणून पाणी अंधारातच ओढून घ्यायचं.

ती परटीण. घरात कानडी, दारात मराठी. पेठेतल्या तीन खासगी दवाखान्यांच्या चादरी तिच्याकडं होत्या. एक गुळवणी डॉक्टरांचा, एक होटकरांचा, एक सरवद्यांचा. पाटीवर हॉस्पिटल लिहिलेलं, आत दहा-बारा खाटा. दवाखान्याची चादर धुणं म्हणजे घरची चादर धुणं नव्हे. रक्ताचा डाग आधी गार पाण्यात सोडवावा लागतो. गरम पाणी लागलं की तो कायमचा बसतो. मग सोड्याच्या उकळत्या पाण्याची भट्टी, मग दगड, मग पुन्हा पाणी. ज्याला याचा कंटाळा तो नीळ वाढवतो आणि डाग झाकतो. अक्कम्माची नीळ बेताची असे. पेठेत आणखी परीट होते, पण रक्ताचं गाठोडं पाहून ते नाक मुरडत.

तिन्ही डॉक्टरांत तेव्हा चांगलीच जुंपलेली होती. गुळवणींनी एक्स-रेचं यंत्र आणलं की होटकरांनी पंखे लावावेत. सरवद्यांनी बाळंतिणीला फुकट शिरा द्यावा. एस.टी. स्टँडवरून पेशंट आणणाऱ्या टांगेवाल्याला तिघांच्या दारात चहा. याला ते सेवा म्हणत.

या भांडणात अक्कम्माचंही एक हत्यार होतं. कुणी धुलाईसाठी घासाघीस केली, की त्याचं मळकं गाठोडं तसंच त्याच्या दारात टाकायचं आणि दुसऱ्याच्या पायरीवर जाऊन बसायचं. बोलायचं काही नाही. पहिल्याच्या खाटा उघड्या पडल्या की त्याचा कंपाउंडर चप्पल वाजवत येई.

"अक्कम्मा, उठा आता. डॉक्टर चिडलेत."

"चिडू देत की. पेशंट काय त्यांच्या चिडण्यावर झोपणार हाय?"

तिचा नवरा रेवणप्पा. ओली गाठोडी उचलून उचलून त्याला अंतर्गळ झाला होता. जांघेत गाठ यायची, तो ती आत दाबून पुन्हा कामाला लागायचा. त्याच्या ऑपरेशनसाठी अक्कम्मा धुलाईतून पैसा बाजूला ठेवत होती. सरवदे डॉक्टर म्हणाले होते, "थंडीत आण त्याला. अर्ध्यात करून देतो. फक्त चादरी मला आधी देत जा." एवढ्या भरवशावर दोघं नवराबायको राबत होती.

चौऱ्याहत्तर साली गुळवणींच्या हातात सासऱ्याच्या तेलगिरणीचा पैसा आला. होटकर पुण्याला मुलाकडं निघाले होते. त्यांचा दवाखाना गुळवणींनी खाटांसकट घेतला. सरवदे शिरा वाटून थकले होते. त्यांनीही विकला आणि आपल्याच खुर्चीत पगारी डॉक्टर होऊन बसले. पाट्या मात्र तिन्ही तशाच राहिल्या. जुन्या पाटीवर लोकांचा विश्वास असतो. तोही सौद्यात आला होता, मग पुसायचा कशाला? पेठेत कुणाला काही सांगितलं गेलं नाही.

अक्कम्माला मात्र कळायला हवं होतं. कोणती चादर कुणाची हे ओळखू यावं म्हणून ती कोपऱ्यावर बिब्ब्याची खूण घालायची, प्रत्येक दवाखान्याची वेगळी. गुळवणींचा कंपाउंडर धोंडीराम एक दिवस म्हणाला, "खुणा नकोत आता. समदं एकाच गाठोड्यात आणा. मी वाटतो." निवडायचे श्रम वाचले म्हणून ही खूश. जन्मभर राबलेल्या बाईनं फुकटच्या आरामाला असं भुलावं. तो कुणी कशासाठी दिला, हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नाही.

त्याच दिवसांत पुण्याच्या कुठल्याशा संस्थेतले एक गृहस्थ आले. शहरातल्या दवाखान्यांची चढाओढ त्यांना मोजायची होती. ते टांग्यातून खालीसुद्धा उतरले नाहीत. पाट्या वाचल्या, आणि डोक्यावर गाठोडं घेऊन चाललेल्या अक्कम्माला हटकलं.

"बाई, इथं दवाखाने किती?"

"तीन की."

"वेगवेगळे ना?"

"पाट्या दिसत न्हाईत व्हय सायेब? एकानं न्हाय म्हटलं तर दुसरा हाय."

"म्हणजे चढाओढ उत्तम आहे," असं म्हणून त्यांनी टांगा पुढं हाकायला सांगितला. दोघांनीही पाट्याच मोजल्या. फरक एवढाच, की त्यांच्या चुकीचा त्यांना अहवाल लिहिता आला असेल. हिला तिची चूक अंगावर काढावी लागली.

दिवाळीनंतर धोंडीरामानं सांगितलं, धुलाईचा दर कमी होणार. अक्कम्मानं गाठोडं गुळवणींच्या दारात टाकलं आणि होटकरांच्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळानं दार उघडलं. आतून धोंडीरामच बाहेर आला.

"तू हितं कसा रं?"

"मी आता समदीकडंच असतो. उठा, पायरी पुसायचीय."

ती तडक सरवद्यांकडं गेली. डॉक्टर औषधाची बाटली उजेडात धरून बसले होते, ती खाली ठेवेनात.

"धुलाईचं मला विचारू नकोस, अक्कम्मा."

"बरं. आमच्या मालकांच्या आपरेशनचं?"

"तेही गुळवणींनाच विचार."

दुसऱ्या दिवसापासून चादरी एका नव्या लाँड्रीत जाऊ लागल्या. अक्कम्मा दुकानदारांची धोतरं धुऊ लागली. दवाखान्यांतले बिघडलेले पंखे कुणी दुरुस्त केले नाहीत, शिरा बंद झाला, टांगेवाल्यांचा चहा बंद झाला. ज्यांना इतकी वर्षं सेवेची कळकळ होती, त्यांची कळकळ एका सौद्यात बरी झाली.

संक्रांतीच्या सुमारास भर दुपारी रेवणप्पाची गाठ आत जाईना. आतडं अडकलं, उलट्या सुरू झाल्या. टांगेवाल्या पीरसाबनं त्याचा चेहरा पाहिला.

"अक्का, सरकारी दवाखान्यापत्तुर दम न्हाई निघायचा. जवळ घेऊ."

जवळ म्हणजे सरवद्यांची पाटी. दारातच धोंडीरामानं दर सांगितला, पुरा. समोर होटकरांची पाटी दिसत होती, तिकडं गुळवणींची. अक्कम्मानं दोन्हीकडं पाहिलं आणि कमरेची पिशवी सोडली.

ऑपरेशन सरवद्यांनीच केलं, आणि चांगलं केलं. हात होता त्या माणसाचा. माणूस विकला गेला तरी हात लगेच बिघडत नाही. रेवणप्पा वाचला. तो ज्या चादरीवर पडला होता तिच्यावर निळीखाली कुणाचा तरी जुना डाग होता. अक्कम्मानं तो बोटानं चाचपला. गरम पाणी घातलेलं.

घरी सोडताना धोंडीराम हिशेब सांगू लागला. "आपरेशन, खाट, औषधं, धुलाई..."

"कसली धुलाई?"

"चादरीची. पेशंटकडनं घेतो आता. रोजची."

"किती?"

त्यानं सांगितलं. तिला पुऱ्या गाठोड्याला मिळत होतं, त्याहून एका चादरीचं जास्त होतं.

"आमी धुवत होतो तवा घेत न्हवता."

"तवा तीन दवाखाने हुते, अक्कम्मा," धोंडीराम म्हणाला आणि त्यानं हात पुढं केला.

तिनं पैसे दिले. गार पाण्यात बोटं फुटेपर्यंत कमावलेल्या त्या मजुरीत नवऱ्याचं आतडं सुटलं, आणि उरलेल्यातून दुसऱ्या कुणीतरी वाईट धुतलेल्या चादरींची धुलाई भागली.