विहिरीतले दगड, व्हिएन्नातले

दादा, कोल्हारच्या स्टँडसमोर गाडी थांबली तेव्हा तू माझी पिशवी आत ठेवलीस आणि दुसरीकडेच बघत म्हणालास, "चार महिनेच हां. न्हाई करमलं तर आदीच ये." वहिनी रडल्या. तू ड्रायव्हरलाच ओरडत राहिलास, "सावकाश चालीव रं!"

इथं व्हिएन्नात येऊन चार महिने होत आले. संदीप रोज विचारतो, "आई, तिकीट काढू का राहतेस?" मी म्हणायचे, काढ; तो म्हणायचा, बघ अजून थोडे दिवस. लेक-सून जीव लावतात, पण दिवसभर कामावर. ट्राममध्ये शेजारी बसलेलं माणूसही बोलत नाही. आणि मी तर गावातसुद्धा कमी बोलणारी. नात इरा सात वर्षांची, तिचं मराठी तुटकं. जवळ यायची, दोन शब्द बोलायची, कंटाळून निघून जायची. वाटायचं, आपण इथं कशाला?

परवा रविवारी तिनं हट्ट धरला म्हणून म्युझियममध्ये गेलो. जिने संगमरवरी, वर घुमटाला चित्रं, खोल्यांमधून घराएवढे सांगाडे. मी संदीपच्या मागं मागं. मग दगडांच्या खोल्या लागल्या. नुसती काचेची कपाटं. एका कपाटापुढं माझे पाय थांबले. काळ्या दगडाच्या पोटात हिरवट खडे, शेजारी पांढऱ्या सुयांचा गुच्छ.

दादा, आपल्या विहिरीतले दगड!

विहीर खणताना सुरुंग उडाला की यारीच्या दोरानं वर ओढलेल्या दगडांच्या ढिगात आपण दोघं शिरायचो. मी परकराचा ओचा भरून आणायचे. आप्पा ओरडायचे, "टाका ते बांधावर! पानी हुडकतोय मी, चकाकी न्हाई!"

मी हळूच म्हणाले, "असले आमच्या विहिरीत निघायचे."

"आजी, खोटं!" इरा हसली.

संदीपनं वाकून दगडाखालची चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडं बघतच राहिला. चिठ्ठीवर अहमदनगर लिहिलं होतं. आपल्या जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण चिठ्ठी जुनी.

खोलीची राखण करणारी बाई माझ्याच वयाची. इरानं पळत जाऊन तिला आणलं, माझ्याकडं बोट दाखवून जर्मनमध्ये काय काय सांगितलं. बाईनं काही विचारलं. इरानं ते मला मराठीत सांगितलं, "आजी, दगड फुटला तेव्हा आत कसं होतं?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.

"आत ओल असायची गं," मी म्हणाले. "हात घातला की गारेगार. फोडलेल्या सीताफळावानी दिसायचं, पन बोटाला टोचायचं. उन्हात धरलं की आप्पापन घडीभर वाकून बघायचे, मग ओरडायचे."

बाई हसली. इराला शब्द सापडेना की ती माझा पदर ओढायची, "थांब, थांब आजी!" मी थांबायचे आणि परत बोलायचे. मीच का ही, असं मलाच वाटलं.

घरी येईपर्यंत ती विचारत होती. विहीर किती खोल? आप्पा कोण? तू शाळा का सोडलीस? चौथीनंतर तू पुढं शिकलास आणि मी विहिरीवर माती वाहायला राहिले, हे मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं. राग नाही दादा, तिनं विचारलं म्हणून सांगितलं.

रात्री संदीपला म्हणाले, तिकीट नको काढूस एवढ्यात.

तू फुगून बसशील, ठाऊक आहे. पण तिकडं मला सगळे ओळखतात. कोण, कुणाची, सगळं माहीत, म्हणून कुणी काही विचारत नाही. इथं एक पोर विचारते. तेवढ्यानं ही परकी खोली मला घरासारखी वाटायला लागलीय. तिचे प्रश्न संपले की येईन. पण काल तिनं तुझ्याबद्दल विचारायला सुरुवात केलीय.