कुंकू लावलेला व्हिडिओ प्लेअर

रोडग्यांची ती दुपार आठवते का रे तुम्हा सगळ्यांना? रामटेकजवळ मामांच्या शेतात आंब्याखाली कणकेचे रोडगे भाजायला गोवऱ्या पेटल्या होत्या, वांग्याची भाजी रटरटत होती. आणि मामेभाऊ विजू कुणाचा तरी उसना व्हिडिओ कॅमेरा खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या मागेमागे फिरत होता...

आमची आई हलताना, बोलताना फक्त त्या एका कॅसेटमध्ये उरली आहे. तीही अगदी शेवटी, जेमतेम मिनिटभर. कॅमेरा दिसला की ती पाठ फिरवायची.

माझी मोठी बहीण, आक्का, कामठीला असते. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती आतल्या खोलीत पलंगावरच आहे. टीव्ही हॉलमध्ये, आणि आल्यागेल्यासमोर हॉलमध्ये पडून राहणं तिला मान्य नाही. हात थरथरतो, त्यामुळे मोबाईलवर बोट एकीकडे ठेवलं की भलतंच काही उघडतं. तिचं एकच मागणं होतं, “बेबी, आईले एकदा दाखव वं.”

मी महाल भागातल्या एका फोटो स्टुडिओतून कॅसेट पेन ड्राइव्हवर करून घेतली आणि सीताबर्डीवरच्या एका दुकानात जाऊन पोर्टेबल व्हिडिओ प्लेअर घेतला. पुस्तकाएवढा, झाकण उघडलं की स्क्रीन. किंमत ऐकून मी मागे फिरणार होते, पण सेल्समन छातीठोकपणे म्हणाला, “काकू, चार तास बॅटरी. पेन ड्राइव्ह लावा, बटन दाबा, बस्स.” पंधरा दिवसांत बदलून मिळेल, हेही त्यानेच सांगितलं.

आठवड्यावर दसरा होता. मुहूर्तावरच सुरू करू म्हणून मी डबा उघडला नाही. दसऱ्याला सकाळी देवापुढे ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, डब्यावर स्वस्तिक काढलं आणि प्लेअरच्या झाकणावरही एक छोटंसं. आपल्याकडे नवी वस्तू अशीच वापरायला काढतात ना?

दुपारी सोनं द्यायला कामठीला गेले. आक्का नवी साडी नेसून, पाठीशी तीन उशा लावून तयार होती.

बटणं जिऱ्याएवढी. त्यावरची अक्षरं काळ्यावर करडी... माझ्या चष्म्यालाही दिसेनात. चित्र इतकं अंधारं की प्लेअर तिरका धरावा लागे, आणि तिरका धरला की खिडकीच चमके. तरी आक्का डोळे बारीक करून बघत होती. मामा दिसले, मी दिसले, दोन वेण्यांतली. मग कॅमेरा चुलीकडे वळला आणि स्क्रीन काळी!

सकाळभर चार्ज केलेली बॅटरी विसाव्या मिनिटाला संपली होती. चार्जर लावला, तर चालूच होईना.

आक्का त्या काळ्या काचेकडे बघत राहिली. “आई येऊनच राहिली होती ना वं...” एवढंच म्हणाली. तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात. सेल्समनने डबा उलटसुलट केला आणि बोट ठेवलं. “काकू, याले तर कुंकू लागलं. हा माल वापरलेला झाला. कंपनी वापस घेत नाही.”

मी म्हटलं, “दसऱ्याला वस्तू विकता, मग कुंकू लागणार नाही तर काय डांबर लागेल? तुमच्या काउंटरलाही लावलंय की!”

“हो, पण आम्ही दुकान वापस करून राहिलो का काकू?” तो म्हणाला, आणि आजूबाजूची चार गिऱ्हाइकं हसली.

मी कॉन्व्हेंटची. सिस्टरनी शिकवलेलं, आधी वाचायचं, मग सही करायची. मी सगळं माहितीपत्रक वाचलं, पण घरी येऊन. चार तासांच्या आधी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘अप टू’ लिहिलेलं होतं. ‘अप टू’मध्ये वीस मिनिटंही बसतातच म्हणा...

विचाराल, असला प्लेअर घ्यावा का? माझं उत्तर, नाही. ज्यांचे डोळे-हात धड आहेत त्यांच्याकडे मोबाईल आहे. हे यंत्र घेतो कोण? ज्याला मोबाईल जमत नाही तो म्हातारा माणूस. आणि नेमकं त्याला दिसणार नाही, दाबता येणार नाही असंच ते बनवतात. आपली गरज ओळखून दाम लावतात, आणि ती गरज यंत्रात मात्र कुठेच नसते. राग याचा आहे.

मी हे सगळं फोनवर आक्काच्या सुनेला, सुनीताला, सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “मावशी, हॉलमधला टीव्ही काय भिंतीसोबत लगीन लावून आला का? काढू ना!” तिने आणि तिच्या नवऱ्याने अर्ध्या तासात टीव्ही काढून आक्काच्या पायथ्याशी स्टुलावर ठेवला. पेन ड्राइव्ह मागे लावला. मी धावतच गेले.

आई आली. रोडग्यावरची राख हाताने झटकली, वर बघितलं आणि म्हणाली, “विजू, ते ठेव खाली अन् बस गा जेवायले.”

आक्काने पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. शेवटी म्हणाली, “बेबी, आईच्या हातात पाटल्या होत्या वं. विसरलीच होती मी.”

सुनीता, तुझे उपकार कसे फेडू गं? पण दुकानावरचा माझा राग तसूभरही कमी झालेला नाही, हे इथे नोंदवून ठेवते.

आता घरच्या सगळ्यांनी नीट वाचा. चार पेन ड्राइव्ह करून घेतले आहेत. एक विजूला, कारण शूटिंग त्याचं. एक मामींना, त्यात मामा आहेत. एक माझ्या लेकीला, आणि एक सुनीताकडे राहील. माझ्या बेडरूममधला टीव्ही तिने हॉलसाठी घेऊन जावा, नको म्हणायचं नाही. प्लेअर कुणालाही द्यायचा नाही, फुकटसुद्धा नाही. आक्काला वस्तू पाठवू नका. चारनंतर ती जागी असते, जाऊन बसा तिच्याजवळ. नेलंच काही, तर मऊ न्या, खालचे दात काढलेत तिचे.